मधून पेटवलेली मेणबत्ती

२ सप्टेंबर, मंगळवार

संचालकांनी आज खोलीत बोलावून घेतलं. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला माणसं येईनाशी झाली आहेत आणि त्यावर त्यांना उपाय सापडला आहे. उपाय म्हणजे मी. रॉक गाण्यांत येणारे इंग्रजी वाक्प्रचार, त्यांचे प्रकार आणि अर्थ असं एक लहानसं पुस्तक मी लिहायचं. "तरुण मंडळी तुटून पडतील," असं ते म्हणाले. या संस्थेत तरुण मंडळी जिन्यावर उभी राहून फोन बघतात, एवढंच मी आजवर पाहिलं आहे.

जन्मभर मी व्याकरण शिकवलं. आता या वयात केस पिंजारून किंचाळणाऱ्यांच्या ओळी वाचायच्या. कपाळाला हात लावला, पण बाहेर येऊन. आत "बरं, सर" म्हणाले. नाही म्हणायला माझी जीभ कधी उचलत नाही, ती फक्त चुका काढायला उचलते, असं धाकटा म्हणतो. धाकटा म्हणजे माझा भाऊ. खालच्या मजल्यावर राहतो, फ्रीज दुरुस्त करतो. तरुणपणी तोही अशीच गाणी लिहायचा आणि गायचा, तेही इंग्रजीत. हे संस्थेत कुणाला ठाऊक नाही आणि ठाऊक होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

७ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर छापील गाणी वाचली. गाणी ऐकत नाही, त्याची गरज नाही. ऐकताना माणूस वाहवत जातो. कागदावर वाक्प्रचार कसा स्वच्छ दिसतो. प्रत्येकाचं एक कार्ड, वर वाक्प्रचार, खाली अर्थ, कोपऱ्यात प्रकार.

आधी विषयावरून प्रकार पाडले. आगीचे सर्वांत जास्त. त्याखालोखाल रस्त्याचे, मग पत्त्यांचे आणि जुगाराचे, हवामानाचे, जनावरांचे. शरीराचे म्हटले तर हृदय आणि हाडं, बाकीचे अवयव उपाशी. शिवणकामाचे, काटकसरीचे, वेळेवर पोचण्याचे वाक्प्रचार मला एकाही गाण्यात सापडले नाहीत. या लोकांना घर चालवायचं नसावं.

मग वापरावरून पाडले. एक, सरळ वापरलेला. दोन, उलटवलेला, म्हणजे होकाराचा नकार केलेला. तीन, शब्दशः घेतलेला, म्हणजे परतीचे पूल जाळले म्हणताना खरोखरचा पूल आणि खरोखरच्या काड्या. चार, अर्धा सोडलेला: गायक अर्धा म्हणतो आणि गप्प बसतो, उरलेला ऐकणारे म्हणतात. चौथ्याला उदाहरण मिळेना. कागदावर तो मिळणारच नाही, असं धाकटा म्हणाला. कार्ड कोरं ठेवलं आहे.

धाकट्याला हे सगळं ऐकून फार मजा वाटली. जिन्यात उभा राहून पोट धरून हसला. त्याला हसायला कारण लागत नाही. पुढच्या महिन्यात त्याचाही मोठा दिवस आहे. गावातला जुना हॉल पाडणार आहेत, त्याआधी तिथे एकेकाळी गाजलेल्या सगळ्यांना एकदा बोलावलं आहे, आणि त्यांत याचा जुना बँड. तारीख ११ ऑक्टोबर. भावजयीने मला हळूच सांगितलं की तेव्हापासून त्याची भूक गेली आहे. इतक्या वर्षांनी गळा चालेल की नाही म्हणून तो घाबरला आहे. आणि आणखीही एक सांगितलं, की गेल्या कित्येक वर्षांत त्याने एवढ्या हौसेने वाट कशाचीच पाहिली नव्हती.

त्या हॉलमधल्या त्याच्या पहिल्या कार्यक्रमाला मी गेले होते. घरी आल्यावर त्याला दोन चुका सांगितल्या. फक्त दोन, बाकीच्या पोटात घातल्या.

१० सप्टेंबर, बुधवार

अडचण आली. छापील गाण्यांतल्या ओळी परवानगीशिवाय द्यायच्या नाहीत असं संचालक म्हणतात. "उदाहरणं अशा कुणाची तरी घ्या, जो तक्रार करणार नाही."

तक्रार न करणारा माणूस खालच्याच मजल्यावर राहतो. संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात बसले. म्हटलं, "तुझी गाणी सांग, पुस्तकात घेते."

त्याने हात पुसले. "माझी? पुस्तकात?"

"उदाहरणं म्हणून."

"ऐकलंस का," तो आतल्या खोलीकडे बघून भावजयीला म्हणाला, "ताई माझी गाणी पुस्तकात घालतेय." मग मान वर करून एकेक ओळ सांगू लागला. एकही ओळ अडखळली नाही. मी उतरवत गेले आणि माझ्या अंगावर काटा येत गेला, कारण एकही वाक्प्रचार धड नाही.

बर्निंग द कँडल अ‍ॅट बोथ एन्ड्स, म्हणजे मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळणं, रात्रंदिवस राबून स्वतःला झिजवणं. हे शाळेतलं पोर सांगेल. याची ओळ आहे: 'आय बर्न माय कँडल फ्रॉम द मिडल.' मेणबत्ती मधून पेटवतो. अंडर द वेदर म्हणजे माणसाला बरं नसणं. याची ओळ: 'माय होल हाउस इज अंडर द वेदर.' घर कसं आजारी पडेल? चेंडू आता तुझ्या हाती, निर्णय तुझा, असं सांगणारा एक साधा वाक्प्रचार आहे. त्यातही याचा चेंडू कुणाच्याच हातात नाही.

मी विचारलं, मेणबत्ती मधून का? तो म्हणाला, "बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हाचं आहे ते. दिवस कारखान्याचा, रात्र बाबांची. दोन्ही टोकं माझी नव्हतीच गं. मधलं तेवढं उरलं होतं, म्हणून मधून." आणि घराचं विचारलं तर म्हणाला, "बाबा एकटे थोडेच आजारी होते? नळसुद्धा खोकायचा."

काहीतरी सबब सांगतो झालं. तेव्हा मी पदविकेसाठी परगावी होते, नाहीतर वेळीच दुरुस्त करून दिलं असतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तोड सापडली. पाचवा प्रकार: मोडके वाक्प्रचार. प्रकरणाचं नाव 'ओळखा आणि दुरुस्त करा'. धाकट्याच्या सगळ्या ओळी तिथे बसतात. नाव अर्थातच देणार नाही. 'एका हौशी गायकाच्या गाण्यांतून' एवढंच लिहिलं. त्याची लाज राखली जाईल आणि माझीही.

२२ सप्टेंबर, सोमवार

पुस्तक संस्थेच्याच मशीनवर छापून झालं. पातळसं आहे, पण नेटकं. आज वर्गात उघडलं. पहिल्या चार प्रकारांना जांभया आणि पाचव्याला हशा. मेणबत्तीच्या ओळीला तर वर्ग लोळायचा बाकी राहिला. बँकेत काम करणारा एकजण मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, मधून पेटवली तर धरायची कुठे?" मी म्हटलं, "ते लिहिणाऱ्यालाच विचारावं लागेल." पुन्हा हशा. माझ्या वर्गात इतकं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. आपण विनोदी आहोत असं वाटून मनात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

तास संपल्यावर त्याच बँकवाल्याने विचारलं, "हा हौशी गायक कोण, मॅडम?"

"असाच कुणीतरी," मी म्हटलं. "ओळखीतला."

घरी येताना हे शब्द तोंडात घोळत राहिले. भाऊ म्हणायला काय जात होतं? पण मग इतकी वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईच्या घरातच हे, असं झालं असतं. फ्रीज दुरुस्त करतो म्हणायची मला लाज नाही, कधीच नव्हती. लाज आहे ती या गाण्यांची. इथे तरी खरं लिहावं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

धाकट्याने पुस्तक वाचलं. भावजयीने संस्थेतून आणलं, त्याला वाढदिवसासारखं कागदात गुंडाळून दिलं आणि तिच्यासमोरच त्याने उघडलं म्हणे. हे तिने मला जिन्यात सांगितलं. सांगून झाल्यावर एरवी बसते तशी बसली नाही.

मी दिवसभर धास्तावले होते. संध्याकाळी तो वर आला, पुस्तक हातात. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी तयारीत बसले. पण त्याने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. पाचव्या प्रकरणाचा सगळा स्वाध्याय त्याने पेन्सिलीने सोडवला होता. प्रत्येक ओळीखाली बरोबर वाक्प्रचार, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात.

"तपासतेस?" म्हणाला.

मी तपासलं. एक सोडून सगळं बरोबर होतं. तेवढ्यावर खूण केली, बाकीच्यांना शाबासकी दिली. तो मान हलवत होता. मग म्हणाला, "ताई, म्हणजे लोक इतकी वर्षं मला हसत होते का गं?"

"छे," मी म्हटलं, "लोकांना कुठे एवढं कळतं?"

तो हसला आणि पुस्तक काखेत मारून खाली गेला. किती समंजस निघाला. मी उगीच जिवाला घोर लावून घेतला होता. काही मनावर घेतलं नाही त्याने.

२८ सप्टेंबर, रविवार

आज तर मला भरून आलं. सकाळी खालच्या न्हाणीघरातून गाण्याचा आवाज येत होता आणि ओळ बरोबर होती: 'आय बर्न द कँडल अ‍ॅट बोथ एन्ड्स.' जी गोष्ट मी लहानपणापासून त्याच्या कानीकपाळी ओरडत आले ती आज त्याने ऐकली.

नंतर कागद घेऊन वर आला. बरोबर ओळ चालीत बसत नाही, शेवटी एक जागा रिकामी राहते. त्याने तिथे 'येस' घातलं आहे. 'अ‍ॅट बोथ एन्ड्स, येस.' "चालेल का?" म्हणाला. व्याकरणाला काही हरकत नाही, असं मी सांगितलं. घराच्या ओळीत घर काढून 'आय' घातलं. आता फक्त त्यालाच बरं नाही, घर ठणठणीत आहे. चेंडूही योग्य माणसाच्या हाती दिला. तो एकेक ओळ म्हणायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी मान डोलावली की पुढची.

त्याला बोलावण्यासाठी भावजय वर आली. दारातूनच म्हणाली, "ताई, एक विचारू? त्याचं गाणं तुम्ही कधी ऐकलंत का?"

"आत्ताच तर ऐकत होते."

"ऐकत नव्हतात," ती म्हणाली. "तपासत होतात."

तिला आज डोकं दुखत असावं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

खांब आज संस्थेत आला. हा त्यांच्या बँडमधला बास गिटार वाजवणारा. उंची बघून लहानपणी कुणीतरी खांब म्हटलं ते आजतागायत चिकटलं आहे. आता त्याचं टायरचं दुकान आहे. भोंगा म्हणजे आमचा धाकटा, हे बँडमधलं नाव. फळ्यापुढच्या लहान बाकावर खांब कसाबसा मावला आणि टोपी हातात फिरवत बसला.

"तुम्ही मोठ्या आहात, रागावू नका," म्हणाला. "पण भोंग्याचं काहीतरी बिनसलंय. मधेच थांबतो."

"कुठे?"

"प्रत्येक ओळीत. ओळ सुरू करतो आणि दाराकडे बघतो. दारात कुणी नसतं. मग सॉरी म्हणतो. माइकला सॉरी म्हणतो, ताई. पूर्वी हा माणूस माइक खायचा."

मी म्हटलं, नवे शब्द आहेत, सवय व्हायला वेळ लागेल. खांबाने टोपी फिरवणं थांबवलं. "नवे शब्द कशाला हवेत तेच तर कळेना. आम्ही विचारलं तर म्हणतो, ताईने दुरुस्त करून दिलेत."

एकदा तालमीला येऊन जा, असं सांगून तो उठला. बाक त्याच्याबरोबर थोडा उठला आणि खाली आपटला. मी हसले नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहिताना अजून कान तापलेत.

तालीम खांबाच्या दुकानामागच्या खोलीत होते. टायरांच्या चळतींमध्ये माइक, ढोल आणि गिटारी. मी मागे एका उलट्या क्रेटवर बसले. धाकट्याने मला पाहिलं आणि त्याची पाठ ताठ झाली. शाळेत तपासणी आली की मुलांची होते तशी. मी ती पाठ ओळखते, आयुष्यभर वर्गात पाहिली आहे.

गाणं सुरू झालं. ढोल वाजला, खांबाची गिटार भिंतीतून अंगात आली आणि धाकट्याने तोंड उघडलं. पहिल्या दोन ओळी सरळ गेल्या. चुका मोजण्याच्या नादात मी कधी ऐकलाच नव्हता हा आवाज, न्हाणीघरातला नव्हे, हा. खरखरीत, मोठा, आणि त्यात कसलीही भीती नाही. मग मेणबत्तीची ओळ आली. 'आय बर्न' म्हणून तो थांबला. माझ्याकडे बघितलं. 'द कँडल' म्हणाला, पुन्हा बघितलं. तोवर चाल पुढे निघून गेली होती. शेवटी तो एकटाच 'येस' म्हणाला, बारीक आवाजात.

ढोलवाला काठ्यांकडे बघत राहिला. धाकटा माइकला म्हणाला, "सॉरी. दुरुस्त करून म्हणतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते 'येस' मी मंजूर केलं होतं. व्याकरणाला हरकत नाही, असं म्हटलं होतं.

मी उठून पुढे गेले, म्हटलं, "जुनीच ओळ म्हण. तुझी होती ती."

"ती चूक आहे ना."

"असू दे."

"नाही गं ताई," तो शांतपणे म्हणाला, "आता येत नाही ती. तोंडाशी आली की तुझी खूण दिसते समोर." मग खांबाकडे वळून म्हणाला, "अकरा तारखेला दुसरं कुणीतरी बघा. ज्याला इंग्रजी येतं असा."

तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं.

५ ऑक्टोबर, रविवार

खाली गाणं नाही. नळाचं पाणी तेवढं वाजत होतं. दुपारी भाची, धाकट्याची मुलगी, सांगून गेली की तिचा बाबा आज एका फ्रीजपुढे बराच वेळ नुसताच बसला होता.

१० सप्टेंबरचं पान काढून वाचलं. दिवस कारखान्याचा, रात्र बाबांची, मधलं तेवढं उरलं होतं. हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. खाली मी लिहिलं आहे, सबब. बाबा आजारी असताना मी परगावी पदविका करत होते आणि घरी पत्रं पाठवत होते. बाबांना औषध कोण देतं हे मी कधी विचारलं नाही, धाकटा अभ्यास करतो का ते मात्र विचारत असे. तो राबत होता, आणि कुणाला न सांगता त्याचं गाणं करत होता. ते गाणं माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा मी त्याचा स्वाध्याय केला आणि वर्गाला हसायला दिला.

वाक्प्रचार मोडला नव्हता. त्याचं आयुष्य त्या वाक्प्रचारात मावत नव्हतं, म्हणून त्याने तो हवा तसा वाकवून घेतला होता. एवढं कळायला मला पुस्तक लिहावं लागलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

संचालकांना सांगितलं, पुस्तक मागे घ्या, निदान पाचवं प्रकरण. त्यांना वाटलं मी मानधनासाठी नाक वर करते आहे. "पाचव्याचीच तर मागणी आहे," म्हणाले. "उलट आणखी मोडके वाक्प्रचार मिळतात का बघा त्या गायकाकडून."

मी "बरं, सर" म्हणाले नाही. पण त्याचा काही उपयोग झाला नाही, प्रती तिथेच गठ्ठ्याने पडून आहेत.

मग वर्गात गेले. स्वाध्यायाचं पान उघडायला सांगितलं. म्हटलं, "हा हौशी गायक माझा भाऊ आहे. मागे विचारलंत तेव्हा मी तो कुणीतरी आहे म्हणाले, कारण मला त्याची लाज वाटत होती." पुढे त्या ओळींचं खरं काय ते सांगायचं ठरवून गेले होते. बाबांचं, कारखान्याचं. पण ते सांगायचा अधिकार मला नाही असं ऐन वेळी वाटलं. नुसतं एवढंच म्हटलं, "यांत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पान तसंच राहू द्या."

बँकवाल्याने मान खाली घातली होती. त्याला लाज वाटायचं काही कारण नव्हतं, हसायला मीच शिकवलं होतं. मला वाटलं होतं कबूल केल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. धाकट्याला ते ऐकूच गेलं नव्हतं, मग कबूल तरी कुणापाशी केलं?

८ ऑक्टोबर, बुधवार

आज त्याच्याकडे गेले. तो मोटरचा पंखा पुसत होता. मी म्हटलं, "मला माफ कर." तीनच शब्द. आजवर कुणाला म्हटले नसावेत.

"कशाबद्दल? पुस्तकाबद्दल?" तो म्हणाला. "अगं, तू बरोबरच लिहिलंस. चूक ती चूकच."

"चूक नव्हती."

"आता तू माझं मन राखायला म्हणतेस."

हेच ते. माझं 'चूक' त्याला खरं वाटतं आणि माझं 'बरोबर' दया वाटते. इतकी वर्षं मी त्याला हेच शिकवलं, दुसरं काही शिकवलं नाही. आता उलटा धडा कोणत्या तोंडाने देऊ?

भावजयीने चहा ठेवला. कपाटातून जुनी कॅसेट काढून माझ्या हातात दिली, यंत्रही दिलं. "घरी जाऊन ऐका," म्हणाली. "पेन्सिल इथेच ठेवून जा."

मी खरंच पर्समधून पेन्सिल काढून तिच्या ओट्यावर ठेवली. ती हसली नाही, पण चहात तिने माझ्यासाठी साखर जास्त घातली होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ऐकली. तीनदा. तिसऱ्या वेळी ओळी आपोआप तोंडात आल्या, मोडक्याच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

खांब जिन्यात भेटला. दुसरा गायक मिळाला नाही, किंवा त्यांनी शोधला नाही. धाकट्याला त्याने एवढंच सांगितलं आहे की नुसता ये, उभा राहा, गायलास तर गायलास. भावजयीने विचारलं, "ताई, तुम्ही येणार?" तिला मी नको असणार. मलाही मी नकोच होते. पण न जाणं म्हणजे शेपूट घालणं झालं असतं. येते म्हटलं, सर्वांत मागे बसते.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल काही लिहिवलं नाही. आज सकाळी लिहिते.

मागे बसता आलं नाही. हॉल भरलेला होता आणि भाचीने तिसऱ्या रांगेत जागा धरली होती. आजूबाजूला सगळी आमच्या वयाची माणसं. चष्मे, गुडघ्याला पट्टे, एकाने तर उशी आणली होती. मला वाटलं होतं धाकट्याचा बँड कुणाला आठवणार नाही. तो मंचावर आला तेव्हा ही सगळी माणसं "भोंगा, भोंगा" करत उठून उभी राहिली. उशीवालासुद्धा. मी वर्गात ज्याला 'असाच कुणीतरी' म्हटलं तो.

त्याने शर्ट इस्त्रीचा घातला होता. पाठ ताठ. पहिल्या दोन ओळी गेल्या. मग तो 'आय बर्न' म्हणाला आणि थांबला.

मला ठाऊक होतं काय झालं ते. बरोबर ओळ मावत नव्हती आणि चुकलेली येत नव्हती. खांब वाजवत राहिला, एकच सूर, पुन्हा पुन्हा. धाकटा माइक धरून उभा. मी मान खाली घातली. एका माणसाचा गळा मी माझ्या नेटक्या अक्षरात बंद केला होता आणि तो आता सगळ्यांदेखत बंद दिसत होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, 'माय कँडल'. मग चार-पाच जण. मग सगळा हॉल: 'फ्रॉम द मिडल'. इतकी माणसं, इतक्या वर्षांनी, आणि एकाचीही चूक चुकली नाही. चौथा प्रकार, अर्धा सोडलेला. कागदावर मिळणार नाही असं तो म्हणाला होता.

मी मान वर केली. मला वाटलं तो त्यांच्याकडे बघून हसत असेल. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. अख्खा हॉल त्याची ओळ गात होता आणि तो तिसऱ्या रांगेत माझ्याकडे बघत होता. बरोबर आहे का, म्हणून.

यापेक्षा जास्त लाज मला आयुष्यात वाटली नाही. पुढेही वाटणार नाही.

मान डोलावून भागलं नसतं. मान तर मी 'येस'लाही डोलावली होती. मी उठले. पर्स खाली पडली, पडू दिली. आणि माझ्या या फळ्यापुढच्या आवाजात, जितकं मोठं जमेल तितकं, मी ती ओळ म्हटली. फ्रॉम द मिडल. पुढची ओळही म्हटली, आजारी घराची. भाचीने कान झाकले. धाकटा माझ्याकडे बघत राहिला, मग त्याच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं, पाठ सैल झाली आणि त्याने माइक उचलला. नंतर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटपर्यंत एकदाही नाही. त्याने बघू नये असंच मला वाटत होतं, आणि त्याने बघितलं नाही.

आज सकाळी तो वर आला. घसा बसला आहे, कुजबुजल्यासारखं बोलत होता. चहा घेतला. कार्डांचा डबा टेबलावर होता, त्यातलं कोरं कार्ड वर काढून ठेवलं होतं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, काही न विचारता परत ठेवलं.

मग म्हणाला, "ताई, काल तू गायलीस त्यात दोन चुका होत्या."

माझे कान तापले. पहिल्या कार्यक्रमाची ती संध्याकाळ त्याच्याही लक्षात होती तर. सगळी वर्षं.

"सांग," मी म्हटलं. "सांग मला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी खरंच ऐकायला तयार होते.

त्याने सांगितल्या नाहीत. कप धुऊन पालथा घातला आणि खाली गेला.